कळंबीकरांची तिसरी मोटार

सिंगापूर
१६ फेब्रुवारी २०२५

प्रिय बेबीआत्या,

आधी सोबतचा फोटो मोठा करून बघ, मग खालचं वाच. फोनच केला असता, पण फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तू ऐकून घेत नाहीस. म्हणून तुझ्या टॅबवर हे पत्र.

आज रविवार म्हणून मी, मेधा आणि ऋता सायकली चालवायला पुलाउ उबीनला गेलो होतो. चांगीहून बमबोट, म्हणजे छोटी लाँच, पकडली की थोड्या वेळात बेट येतं. झाडी, कच्चे रस्ते, पत्र्याच्या छपरांची जुनी कांपोंग, म्हणजे खेड्यातली, घरं. अशाच एका घरापाशी ऋताच्या सायकलची चेन पडली. घरमालक अंकल सेंग साठीच्या पुढचे, भले गृहस्थ. तेल आणतो म्हणून मागच्या शेडमध्ये गेले आणि ऋता त्यांच्या मागोमाग. पाच मिनिटांत तिची हाक, "पप्पा, कम सी! हे हिंदी आहे का?"

शेडमध्ये नारळाच्या सोडणांचा ढीग, त्याखाली ताडपत्री आणि ताडपत्रीखाली एक गाडी. उंच बैठक, खाली कमानपाटे, लाकडी आऱ्यांची चाकं. मला वाटलं, बग्गी. मग पुढे वाकडं झालेलं स्टिअरिंग दिसलं! चाकाच्या पितळी टोपीवर हिरवा गंज चढला होता, तो ऋताने मोज्याने घासून काढला होता. आणि आत्या, तिथे गोल फिरत जाणारी अक्षरं होती: कळंबीकर रथशाळा मिरज.

मी ओरडलो. इतक्या जोरात, की गाडीत बसलेल्या कोंबड्या फडफडत बाहेर पळाल्या. अंकल सेंग इथल्या पद्धतीने वाक्याला 'ला' जोडत म्हणाले, "रिलॅक्स ला! ओल्ड थिंग ओन्ली."

गाडी त्यांच्या आईची, मॅडम कोह यांची. त्या नव्वदीच्या पुढे आहेत, आज झोपल्या होत्या. आता हे सगळे टँपिनीसच्या फ्लॅटमध्ये राहायला जाणार आहेत आणि एप्रिलअखेर शेड पाडणार आहेत. भंगारवालाही ठरलाय.

आत्या, लहानपणी ज्या 'पणजोबांच्या मोटारी'वरून आम्ही हसायचो, ती खरीच होती का? लगेच लिही.

क्षितिज

*

मिरज
१८ फेब्रुवारी २०२५

क्षितिज,

आशीर्वाद शेवटी देते, आधी मुद्द्याचं. तुझा फोटो मी रात्रभर उशाशी घेऊन झोपले. झोपले कसली, जागीच होते. होती! खरीच होती! आता नीट ऐक, तुझ्या बापाने तुला हे कधी धड सांगितलं नसणार.

माझे आजोबा, म्हणजे तुझे पणजोबा दीनानाथ, बग्ग्या बांधायचे. वकील, डॉक्टर, जहागीरदार, सगळे आपल्या रथशाळेत यायचे. बसल्यावर पोटातलं पाणी हलणार नाही अशी गाडी, हे त्यांचं नाव. एकदा कुणा साहेबाची मोटार मिरज स्टेशनाजवळ चाक मोडून पडली. ती दुरुस्तीला आली आणि आजोबा तिच्याखाली जाऊन झोपले. संध्याकाळी बाहेर आले ते काळेकुट्ट होऊन, आणि म्हणाले, "घोडा आत बसवलाय, एवढंच. बाकी सगळं आपलंच काम आहे."

मग त्यांनी मुंबईहून तीन इंजिनं मागवली. बाकी सांगाडा, चाकं, कमानपाटे, बैठक, सगळं इथलं. १९१२ साली पहिली मोटार निघाली. ती सांगलीच्या एका वकिलाने घेतली आणि दोन वर्षांत घाटात दरीत घातली. दुसरी रथशाळेला आग लागली तेव्हा जळाली, बरोबर सगळी हत्यारं आणि साचेही गेले. तिसरी सरदेसाई डॉक्टरांनी घेतली आणि ते ती बोटीवर चढवून परमुलखात दवाखाना थाटायला गेले. कुठे, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

आगीनंतर आजोबांनी मोटारीला हात लावला नाही. गावाने म्हणायला सुरुवात केली, की कळंबीकरांनी मोटार कसली बांधली, विलायती गाडीवर आपल्या नावाचं पितळ ठोकलं. माझे वडील शाळेत हे ऐकत वाढले, मीही ऐकलं. आता निशिकांत सर शहराच्या इतिहासाचा ग्रंथ काढतायत. त्यात आपल्या रथशाळेचं पान आहे आणि मोटारीपुढे त्यांनी लिहिलंय, 'दंतकथा'. ग्रंथ लवकरच छापायला जातोय.

म्हणून एक काम कर. गाडीच्या पुढच्या आडव्या तुळईखाली बघ. घोड्याची गाडी असेल तर दांड्या अडकवायला तिथे भोकं पाडलेली असतात. तुळई कोरी असेल तर ती जन्मापासून मोटार.

रथशाळेच्या जागेवरच्या आपल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या कारखान्यात सकाळपासून ठोकाठोक चालू आहे, त्यात लिहायला सुचत नाही. आशीर्वाद.

बेबीआत्या

*

सिंगापूर
९ मार्च २०२५

प्रिय आत्या,

उत्तराला उशीर झाला. जुरोंग आयलंडवर प्लांटचं शटडाऊन जवळ आलंय. सकाळी कंपनीची बस पकडायची, पास दाखवून आत जायचं आणि परतताना बसमध्येच झोपायचं, असं चाललंय.

इथे जुन्या वाहनांचं एक खासगी संग्रहालय आहे. तिथल्या फरीदाबाईंना मी उबीनला घेऊन गेलो होतो. मोडकी वाहनं पूर्ववत करणं हाच त्यांचा व्यवसाय. गाडी त्यांना आवडली, पण त्या म्हणाल्या की बैठक आणि कमानी बग्गीच्या आहेत, तेव्हा कुणीतरी जुन्या बग्गीत मागाहून इंजिन बसवलेलं असावं. इंजिन तर आता नाहीच. त्यांचं संग्रहालय फक्त मोटारी घेतं, बग्ग्या नाही.

तुळईखाली बघायचं राहिलं. पाऊस फार होता. पुढच्या वेळी बघेन.

सोबत त्या दिवशीचे फोटो आहेत. आणि आत्या, मेधा पुन्हा विचारत होती. कारखाना आता पुरे कर ना. या वयात कशाला तो व्याप? आमच्याकडे ये, इथे तुझी खोली तयार आहे. पासपोर्टचं नूतनीकरण झालं का?

क्षितिज

*

मिरज
११ मार्च २०२५

क्षितिज,

पाऊस फार होता म्हणतोस आणि फोटोत अंगणभर ऊन पडलंय. फरीदाबाईंनी तर डोळ्यांवर काळा चष्मा लावलाय.

भोकं आहेत. हो ना?

तुझ्या बापालाही खोटं बोलता यायचं नाही. वाईट बातमी असली की तो असाच भलतंसलतं लिहायचा. मला फार वाईट वाटलं, लपवत नाही. तुझ्यावर रागावले नाहीये, पण मला जपायला जाऊ नकोस. मी काही काचेची नाही.

आज सकाळी मात्र डोकं चालायला लागलं. भोकं आहेत, कबूल. पण ती पाडली कुणी आणि कधी, हे कुणी विचारलं का? तू त्या शेडमध्ये जाऊन आलास, फरीदाबाई जाऊन आल्या, आणि जी बाई त्या गाडीशेजारी नव्वद वर्षं राहिली तिच्याशी एक शब्द बोलला नाहीत! तिला जाऊन विचार.

आणि फरीदाबाईंना सांग, आपल्याकडे सगळी भोकं पाडून झाल्यावरच रंग लागायचा, म्हणजे भोकाच्या आतही रंग उतरायचा. तेवढं त्यांनी भिंगातून बघावं. त्या या कामातल्या आहेत, बरोबर ओळखतील.

जा लवकर.

बेबीआत्या

*

सिंगापूर
१६ मार्च २०२५

आत्या! आत्या!

मोटार आहे! जन्मापासून मोटार!

क्रमाने सांगतो. हो, भोकं होती, दोन, चांगली अंगठ्याएवढी. तुला सांगायचा धीर झाला नाही. आज आम्ही पुन्हा गेलो. फरीदाबाई गोणपाट अंथरून गाडीखाली शिरल्या, टॉर्च आणि भिंग घेऊन. बराच वेळ नुसते त्यांचे बूट दिसत होते. मग आतून किंकाळी आली. त्या बाहेर आल्या तेव्हा केसांत कोंबडीची पिसं आणि चेहरा नुसता फुललेला. सगळ्या तुळईवर रंगाचे तीन थर आहेत, खिळ्यांच्या मूळच्या भोकांतही रंग उतरलाय, आणि ती दोन मोठी भोकं रंगाचे तिन्ही थर कापून गेलीयेत. आत कोरं लाकूड! आणि बैठकीखाली इंजिनाची चौकट आहे, तिच्यावरही तेच तीन थर. म्हणजे इंजिनाची जागा पहिल्यापासून होती, भोकं फार नंतरची. "आय वॉज राँग!" असं त्या इतक्या आनंदाने ओरडल्या, की अंकल सेंगही टाळ्या वाजवायला लागले.

आता पुढचं ऐक. मॅडम कोह ओट्यावर बसल्या होत्या. छोटीशी बाई, पांढरे आखूड केस, नजर एकदम तल्लख. त्या तिओच्यू ही चिनी बोली बोलतात. अंकल सेंग इंग्रजीत सांगत होते. भोकं कुणी पाडली विचारल्यावर त्या लगेच म्हणाल्या, "माझ्या बापाने."

त्यांचे वडील एका इंडियन डॉक्टरांचे ड्रायव्हर होते. मी नाव विचारलं. त्या थोडा वेळ ओठ हलवत राहिल्या आणि म्हणाल्या, "तोक्तर सादेसाई."

आत्या, सरदेसाई!

डॉक्टर युद्धाच्या आधी परत गेले आणि जाताना गाडी ड्रायव्हरला देऊन गेले. मॅडमचे मामा उबीनच्या दगडाच्या खाणीत कामाला होते, म्हणून हे कुटुंब इथे आलं. मॅडम पाच-सहा वर्षांच्या असताना वडील त्यांना त्या गाडीतून खाणीच्या रस्त्यावर फिरवायचे. मग जपानी आले. पेट्रोल मिळेना. सैनिक इंजिन काढून नेतील म्हणून वडिलांनी ते एका रात्री दोर बांधून समुद्रात सोडलं. पुढे दोर कुजला आणि इंजिन गेलं ते गेलंच. मग त्यांनी तुळईला भोकं पाडून दांड्या लावल्या, खाणीतला एक बैल मागून आणला आणि गाडीला जुंपला. त्या काळात अख्ख्या वस्तीचा टॅपिओका, म्हणजे साबुदाण्याचा कंद, त्याच गाडीतून यायचा. मॅडम म्हणाल्या, "त्या गाडीने आम्हाला जगवलं. म्हणून टाकली नाही."

पणजोबांनी बग्गीची मोटार केली आणि इथल्या एका बापाने मोटारीची पुन्हा बैलगाडी केली!

फरीदाबाईंनी तिथूनच त्यांच्या संचालकांना फोन लावला. संग्रहालय गाडी घ्यायला तयार आहे.

क्षितिज

*

मिरज
१७ मार्च २०२५

क्षितिज,

पत्र वाचलं आणि चप्पल घालायचंही सुचलं नाही, तशीच निशिकांत सरांकडे गेले. ते जेवायला बसले होते. टॅब त्यांच्या पुढ्यात धरला. भाताचा घास हातात तसाच, आणि ते वाचतायत! वाचून झाल्यावर हात न धुताच उठले आणि छापखान्याला फोन केला, "कळंबीकरांचं पान थांबवा." मग मला म्हणाले, "बेबीताई, मी पुरावा नाही म्हणून तसं लिहिलं होतं. असा पुरावा येईल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं." मी म्हटलं, "मलाही नव्हतं वाटलं, सर." आणि मग आम्ही दोघंही खुळ्यासारखे हसत सुटलो.

आता पुढचं. गाडी मिरजेला आली पाहिजे. तिची जागा इथे आहे, रथशाळेत. बोटीने आणायची काय व्यवस्था होते ते बघ. मी सगळं करते. त्या संग्रहालयाला नाही म्हणून सांग.

मॅडम कोहना माझा नमस्कार. त्यांच्या वडिलांना तर साष्टांग.

बेबीआत्या

*

सिंगापूर
२० एप्रिल २०२५

प्रिय आत्या,

तू 'गाडी मिरजेला आण' म्हणालीस आणि मी आठवडेच्या आठवडे गप्प राहिलो. मॅडम कोहशी बोलल्याशिवाय तुला लिहायचं नव्हतं. शेड पडणार म्हणून काल गाडी उबीनहून तूर्त फरीदाबाईंच्या संग्रहालयात हलवली. आता सगळं सांगतो.

काल सकाळी बेटाच्या धक्क्यावर सपाट मालवाहू बार्ज लागलं. गाडी दोरांनी बांधून चढवली. निघताना मॅडम कोह म्हणाल्या, "मी पण." अंकल सेंगनी खूप समजावलं. "मा, डेंजरस ला!" पण त्या काही ऐकेनात. शेवटी गाडीत गादी टाकून त्यांना बसवलं आणि ऋता छत्री धरून शेजारी बसली. बमबोटीतले लोक वळून वळून बघत होते, फोटो काढत होते. नव्वदीची बाई एका शंभरीच्या गाडीत ताठ बसून समुद्र ओलांडतेय!

चांगीला मॅडम उतरल्यावर गाडी फळीवरून खाली घेताना डावं मागचं चाक कडकडलं आणि बसलं. आरे आतून कुजलेले होते. कुणाला लागलं नाही, पण गाडी पार एका बाजूला कलली. फरीदाबाई जवळ बसून मोडके आरे गोळा करत होत्या. म्हणाल्या, "बाकी सगळं जमेल. असं चाक इथे कुणालाच करता येणार नाही. कळंबीकर अजून चाकं करतात का?" मी बेधडक हो म्हणून टाकलं.

गाडी कुठे जाणार, हे मी काल मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, "मला ती इथे बघता यायला हवी. पण बनवणाऱ्याच्या घरातलं माणूस मागत असेल, तर मी नाही म्हणणार नाही." मग माझ्या दंडावर थोपटलं आणि म्हणाल्या, "तुझ्या आत्याला विचार."

म्हणून विचारतोय. निर्णय तुझा.

क्षितिज

*

मिरज
१० मे २०२५

क्षितिज,

तुझं पत्र वाचून मी दोन दिवस तुझ्यावर चिडले होते, मग माझ्यावर. आता ऐक.

गाडी तिथेच राहू दे. आपण ती बांधली, पण दोन वर्षांत विकली. त्या माणसांनी तिला पोटच्या पोरीसारखी सांभाळली. लढाईत सांभाळली, कोंबड्यांत सांभाळली. मॅडम कोहना सांग, बनवणाऱ्याच्या घरातलं माणूस मागत नाही.

आता दुसरं. कारखान्यात ठोकाठोक चालू आहे असं मी लिहायचे ना? काहीही चालू नव्हतं. गेल्या दिवाळीपासून कुलूप होतं. ट्रॉल्यांची कामं थांबली, माणसं गेली. तू 'बंद कर' म्हणायचास, आणि आधीच बंद झालाय हे तुला सांगायला माझी जीभ रेटायची नाही.

पण तू बेधडक हो म्हणालास! मग काय करणार? कुलूप काढलं. आपल्याकडचे जुने सुतार अभय आणि त्यांचा भाऊ, दोघांना बोलावलं. तुझ्या फरीदाबाईंनी मापं अशी चोख पाठवली, की अभय म्हणाले, "बाईंना इथेच ठेवून घ्या." बाभळीचं मुरलेलं लाकूड मालगावातून आणलं. चाकाच्या मधला तुंबा कातला, आरे तासले, कडेचे गोलाईचे पुठ्ठे जुळवले. तासणीला मी स्वतः बसले, लहानपणी वडिलांनी शिकवलेलं हात विसरले नव्हते. काल धाव चढवली. लोखंडी कडं भट्टीत लालभडक केलं, चाकावर बसवलं आणि चहूबाजूंनी पाणी ओतलं. वाफेचा असा लोट उठला आणि लाकूड असं करकरून आवळलं गेलं, की बघायला जमलेल्या माणसांनी शिट्ट्या मारल्या. निशिकांत सर बादली घेऊन उभे होते, धोतर पूर्ण भिजलं. आता दोन जणांनी बग्ग्या दुरुस्तीला आणतो म्हणून सांगितलंय. लग्नाच्या वरातींसाठी, रे! कुलूप काही परत लावत नाही.

चाक विमानाच्या मालातून पुढे पाठवते. लाकडाला धुरी देऊन कीड नसल्याचा दाखलाही घेतलाय.

आणि मागून मी येते. पासपोर्टचं नूतनीकरण वगैरे काही नव्हतं, मी तो कधी काढलाच नव्हता. आता काढलाय. फोटोत मी चोरासारखी दिसते.

बेबीआत्या

*

सिंगापूर
१५ जून २०२५

क्षितिज,

मी इकडे आले आणि तुझ्या कंपनीने तुला उचलून रॉटरडॅमला पाठवलं. कंपनीला काय म्हणायचं ते मी मेधाजवळ म्हणून घेतलंय. तुझ्याच टेबलावर, तुझ्याच खिडकीपाशी बसून लिहितेय. खाली बसेस थांबतात, माणसं गुपचूप रांगेत चढतात आणि कुणी कुणावर ओरडत नाही. पहिले दोन दिवस मला वाटलं, गावात काहीतरी दुखवटा आहे. ऋता मला हॉकर सेंटरला, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत, घेऊन जाते आणि सगळ्यांना सांगते, "माय आजी मेक्स व्हील्स." मी तिच्या बापाची आत्या आहे हे काही तिला पटत नाही, म्हणून आता मी आजीच.

आज चाक बसवलं. संग्रहालयाच्या मागच्या आवारात मांडव घातला होता. फरीदाबाईंनी गाडी अशी पुसून, स्टिअरिंग सरळ करून, तेल पाजून ठेवली होती, की मी ओळखलंच नाही. मग ती पितळी टोपी दिसली आणि मी तिच्यावर हात ठेवून थोडा वेळ तशीच उभी राहिले. कुणी घाई केली नाही.

मॅडम कोह व्हीलचेअरवरून आल्या. आम्हाला एकमेकींची भाषा येत नाही. त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले, उलटे केले, तळव्यांवरचे घट्टे बघितले आणि स्वतःचे तळवे माझ्या तळव्यांशेजारी धरले. त्यांचेही तसेच. अंकल सेंग भाषांतर करायला पुढे आले, तर आम्ही दोघींनीही त्यांना हातानेच थांबवलं.

चाक मी बसवलं. आखावर चढवलं, खूण जुळवली, लाकडी हातोड्याने तीन ठोके. फरीदाबाईंनी फिरवून बघितलं. जराही डगमग नाही! सगळ्यांनी गलका केला.

मग मॅडमना उचलून गाडीत बसवलं. मला वाटलं, आता त्या चक्कर मारतील आणि आम्ही बघू. तर त्या बैठकीवर सरकल्या आणि स्टिअरिंगसमोरची जागा हाताने थोपटायला लागल्या. मी! मी आयुष्यात सायकलपलीकडे काही चालवलेलं नाही. मेधा म्हणाली, "आत्या, बसा." ऋता म्हणाली, "गो, आजी, गो ला!" मी पदर खोचला आणि चढले.

मागून फरीदाबाई, मेधा, अंकल सेंग आणि आणखी चार-पाच जण ढकलत होते. गाडी हलली. तुला कसं सांगू? बैठक खरंच अशी, की पोटातलं पाणी हलत नाही. आवाराच्या टोकाला थोडा उतार आहे, तो कुणाच्याच लक्षात नव्हता. गाडीने वेग घेतला आणि मागच्यांचे हात सुटले. "स्टॉप! स्टॉप!" असा ओरडा झाला. मॅडम कोह लहान मुलीसारख्या खदखदून हसत होत्या. पुढे कुंड्यांची रांग होती, तिच्यापुढे वाळूच्या गोण्या. ब्रेक कुठे असतो ते मला ठाऊक नव्हतं, पण चाक कुठे वळवायचं ते हातांना कळलं. कुंड्या चुकवल्या, गोण्यांपाशी जाऊन थांबले. सगळी धावत येईपर्यंत आम्ही दोघी डोळे पुसत होतो.

पण त्याच्या आधीचा तो क्षण, क्षितिज. मागे कुणी ढकलत नव्हतं. पुढे काही जुंपलेलं नव्हतं. दीनानाथआजोबांची मोटार आपली आपण चालली होती आणि मी तिला वळवत होते.

बेबीआत्या